साध्या कुर्त्याचे काठ

चि. सोनूस,


तुझ्या दोन्ही कुर्त्यांचे फोटो मिळाले. एक पांढरा, एक विटकरी. दोन्ही सुती, सरळ कापाचे, नक्षीचा ठिपकाही नाही. ‘स्वस्त मिळाले म्हणून घेतले, पण आता फारच सपाट वाटतात,’ असं तू लिहितेस. मला विचारशील तर खरेदी शहाणपणाची झाली. त्याच पैशांत खडे-टिकल्यांचा कुर्ता मिळाला असता, पण पैसा चकाकीत गेला असता आणि कापड विरविरीत निघालं असतं. शिवाय ते खडे बहुतेकदा चिकटवलेले असतात. चार धुण्यांत खडे जातात, गोंदाचे डाग राहतात. साध्या कपड्यात कापड कसं आहे ते दुकानातच हाताला कळतं. बाकीचं आपण करू.

पण सुईच्या आधी बादली. दोन्ही कुर्ते वेगवेगळे, रात्रभर साध्या पाण्यात भिजव, सकाळी धुऊन वाळव, इस्त्री कर. नव्या सुती कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटतंही. लेस किंवा काठ लावणार असशील तर तोही असाच भिजवून घे, कारण खरा घोळ इथेच होतो. कुर्ता सुती, लेस पॉलिएस्टरची. धुतल्यावर कुर्ता आटतो, लेस होती तेवढीच राहते, आणि घेराला अशा चुण्या पडतात की इस्त्री फिरवून हात दुखले तरी जात नाहीत. लेस कशाची, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नकोस. तिचा एक धागा काढ, चिमट्यात धर आणि जाळून बघ. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं, टोकाला कडक मणी धरतं. भरतकामाच्या दोऱ्याच्या रंगाचीही परीक्षा घे, लाल, मरून आणि गडद निळ्याची तर नक्कीच. दोऱ्यावर ओला पांढरा रुमाल ठेवून बेताची गरम इस्त्री फिरव. रुमालाला रंग लागला तर तो दोरा पांढऱ्या कुर्त्याच्या वाटेला नको.

आता नक्षी कुठे काढायची? छातीवर मोठं फूल काढायचा तुझा बेत आहे. तो सोड. आपल्या कपड्यांनी या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. नऊवारी लुगडं बघ: अंग साधं, सगळी शोभा काठापदराला. खणाची चोळी बघ: अंगभर बारीक विणीची नक्षी आणि ठसठशीत काठ बाहीच्या कडेला. कापड जिथे संपतं तिथेच ते आधी मळतं, विरतं, उसवतं. आधार तिथे हवा असतो आणि बघणाऱ्याची नजरही तिथेच थांबते. गळा, बाहीची कड, बाजूचा कट, खालचा घेर, खिशाचं तोंड. बस, एवढ्याच जागा, आणि एका कुर्त्यावर त्यातल्याही दोनच घे. पाचही भरल्यास तर कुर्ता वरातीतल्या बँडवाल्याच्या कोटासारखा दिसेल.

विटकरी कुर्त्याला खण लाव. गुळेदगुड्डचा हातमागाचा मिळाला तर उत्तम. नाहीतर बाजारात ‘खण’ या नावाखाली पॉलिएस्टरचा मालही पुष्कळ आहे, तेव्हा काडी ओढायची परीक्षा इथेही कर. काठाची पट्टी बाहीला आणि घेराला बसेल, कारण तुझा कुर्ता सरळ कापाचा आहे. काठ सरळ विणलेला असतो, तो वळत नाही. कळीदार, गोल घेराच्या कुर्त्याला तो लावायला गेलीस तर एका बाजूला ताणेल आणि दुसऱ्या बाजूला फुगेल. गोल गळ्याचंही तेच. घेराऐवजी गळा निवडलास तर तिथे खणाच्या मधल्या भागातून उरेब पट्टी काप, म्हणजे धाग्यांना तिरपी, पंचेचाळीस अंशांत, सव्वा इंच रुंद. तिरप्या कापाला ताण असतो, म्हणून ती गळ्याभोवती निमूट वळते. उलट्या बाजूने दुमडून हाताने हेम घाल. मशीन नसलं तरी अडत नाही.

पांढऱ्या कुर्त्यावर मात्र कापड लावू नकोस. तिथे फक्त धावदोरा. या टाक्याला कमी लेखतात, पण आपल्याकडच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या याच टाक्यावर उभ्या आहेत. भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात; त्यातले तीनच घे. एका वेळी हातभर दोरा पुरे, लांब घेतलास की गुंते होतात आणि कापडातून सारखा ओढून दोरा पिंजतो. साबणाची झिजलेली चिप धारदार करून रेघ आख, शिंपीही तेच वापरतात आणि धुतल्यावर खूण राहत नाही. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, मधली फट त्याहून थोडी कमी. चार-पाच टाके झाले की अंगठ्याने कापड सपाट कर. दोरा खेचला गेला असेल तर तिथेच कळतं. बाहीच्या कडेला अशा तीन ओळी काढ, ओळींत पाव इंच अंतर, मधल्या ओळीचे टाके वरच्या फटींखाली येतील असे. दोरा गडद निळा असेल तर आणखी काही लागत नाही. मागच्या बाजूला गाठ मारू नकोस, शेवट आधीच्या टाक्यांतून ओवून घे. गळ्याजवळची गाठ दिवसभर टोचते.

तुला कसुतीचा मोह होईल, मला ठाऊक आहे. धारवाडकडची ती कला कापडाचे धागे मोजून काढतात, आणि तुझ्या बारीक विणीच्या कुर्त्यावर धागे मोजता मोजता डोळे जातील. ती सुट्या, जाड विणीच्या कापडावर शिक.

बटणं बदलणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उठून दिसणारा बदल आहे, आणि तोच लोकांना सुचत नाही. प्लॅस्टिकची उतरव, लाकडाची किंवा करवंटीची लाव. व्यास तोच ठेव, नाहीतर काजातून जाणार नाहीत. कापड जाड असेल तर बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घाल, मग काडी काढून दोऱ्याचे दोन-तीन वेढे दे. बटण लावल्यावर कापड आवळत नाही. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलीस तर बटणं, लेस, दोरे सगळं एका फेरीत होईल. मात्र किती नग हवेत ते लिहून ने, एक जास्त घे.

आणि खिसा लाव. बायकांच्या बऱ्याच तयार कुर्त्यांना खिसा का नसतो हे शिवणाऱ्यांनाच ठाऊक! उरलेल्या खणाचा चौकोन पुरेल. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर टिपेचा छोटा त्रिकोण घाल, कारण फाटतो तो तिथूनच. बाजूच्या कटाच्या टोकालाही असाच आधार दे. रिक्षात चढताना सगळा ताण तिथे येतो.

आरसे नकोत. पातळ सुतीला त्यांचं वजन झेपत नाही आणि ऑफिसच्या खुर्चीत पाठीला लागतात ते वेगळंच. इस्त्रीने चिकटणाऱ्या तयार फुलांवरही पैसे घालवू नकोस, कडा महिन्याभरात सुटतात.

आधी विटकरी घे, पांढरा नंतर. गडद रंगावर चुकलेला टाका कमी दिसतो. आणि खणाऐवजी आईच्या जुन्या साडीचा काठ काढायचं मनात असेल तर घड्यांच्या जागी तो हलकेच ताणून बघ, जुनं रेशीम तिथेच फाटतं. आणि कात्री लावण्यापूर्वी आईला विचार.

तुझी,
मावशी