पत्रातील माणूस

मुलगा नांदेडला नोकरीस, मुलगी लातूरच्या रुग्णालयात परिचारिका; विवाह ठरलेला, पण भेटीचा योग नाताळ नाही तर ईस्टरचा. मराठवाड्यात दूरदूर विखुरलेल्या आपल्या धर्मग्रामांत अशा सोयरिका निळ्या आंतर्देशीय पत्रांच्या आधारावर तग धरून राहिल्या. त्या पत्रांनी एक नैतिक प्रश्नही उभा केला, आणि पत्रांची जागा मोबाईलने घेतली तरी तो मिटलेला नाही : दुरून शब्दांतच भेटणारा माणूस खरा किती?

पत्र लिहिणाऱ्याला सवड असते. रागाचे वाक्य तो खोडतो, चांगले तेवढे ठेवतो. आणि वाचणारी त्या निवडलेल्या माणसावर प्रेम करू लागते. यास फसवणूक म्हणावे काय? आम्हांस सरसकट तसे वाटत नाही. कवी अनिल व कुसुमावती यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध आहे. १९२९ साली त्यांचा विवाह झाला आणि १९६१ मध्ये कुसुमावतींच्या निधनापर्यंत ते सहजीवन टिकले. शब्दांत जुळलेले घरातही नांदू शकते, याची ती साक्ष होय.

मात्र ते आपोआप नांदत नाही. संत पौलाविषयी करिंथ येथे आक्षेप होता की, याची पत्रे वजनदार, प्रत्यक्षात माणूस दुबळा. त्यावर पौलाने बजावले (२ करिंथ १०) की, दूर असता आम्ही पत्रात जसे आहोत, तसेच जवळ आल्यावर कृतीत असू. प्रेमपत्राची सारी नीती आम्हांस या उत्तरात दिसते. पत्रातील चांगला माणूस हे एक वचन असते आणि ते घरात पाळावे लागते. कर्ज, व्यसन, आजार असे जे समोरच्याच्या निर्णयास आवश्यक, ते दडविणे ही मात्र चोरीच.

शिवाय पत्र नेहमी कालचे बोलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीची भूमी हादरली. आदल्या दिवशी तेथून टाकलेले ‘सर्व कुशल’ असे पत्र नांदेडला पोहोचणार ते त्यानंतरच. त्यात असत्य काही नाही, पण आजही नाही. हे ध्यानी घेतले की ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील नियमाचे मर्म कळते. विवाहास वधूवर एकाच वेळी उपस्थित हवेत. अपवाद म्हणून अधिकृत प्रतिनिधी चालतो. परंतु विधीपूर्वी मूळ व्यक्तीने संमती मागे घेतली असेल, तर तो विवाह वैध ठरत नाही. होकार त्या क्षणी जिवंत असावा लागतो.

आपल्या मुलामुलींनी दुरून प्रेम करू नये, असे आम्ही म्हणत नाही. पाठविण्यापूर्वी त्यांनी एवढेच स्वतःस विचारावे : थकल्याभागल्या संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून हे वाक्य मला जगता येईल काय? येत नसेल तर ते खोडावे. किंवा तसे होण्यास आजच आरंभ करावा.