चेहरा तोच, आठवण जुनी



बाजारात कोणीतरी समोर येते. चेहरा ओळखीचा वाटतो, कुठे भेटलो होतो तेही आठवते, पण नाव काही केल्या सुचत नाही. असे का होते, याची मांडणी आपल्याच नॉटिंगहॅम विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ व्हिकी ब्रूस यांनी अँडी यंग यांच्यासोबत १९८६ साली केली. पाहिलेल्या चेहऱ्यांची नोंद स्मृतीत असते. समोरचा चेहरा तिच्याशी जुळला की त्या माणसाविषयीची माहिती जागी होते आणि नाव सर्वांत शेवटी येते. म्हणजे ओळखणे हे डोळ्यांइतकेच आठवणीचे काम आहे. धम्मात पाच स्कंधांपैकी संज्ञा म्हणतात, ती हीच खूण पटवणारी क्रिया.

२०११ साली रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समधील दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी २० असे ४० फोटो ब्रिटिश लोकांना दिले आणि माणसागणिक वेगळे गठ्ठे करायला सांगितले. गठ्ठे दोनच व्हायला हवे होते. बहुतेकांनी त्याहून कितीतरी जास्त केले. त्या व्यक्तींना ओळखणाऱ्या डच लोकांना मात्र हे सहज जमले. एखादा चेहरा अनेक रूपांत पाहिला, तरच तो खरा ओळखीचा होतो. एका फोटोवरून माणूस कळत नाही.

आता मज्झिम निकायातील अंगुलीमाल सुत्त आठवा. राजा पसेनदी दरोडेखोर अंगुलीमालाच्या शोधात निघाला असता भगवंतांकडे आला. चीवर धारण केलेला अंगुलीमाल जवळच बसला होता, पण राजाने त्याला ओळखले नाही. भगवंतांनी नाव सांगताच राजाच्या अंगावर काटा आला. समोरचा भिक्खू क्षणापूर्वी होता तसाच होता. फरक एवढाच, की नावाबरोबर जुनी आठवण जागी झाली आणि तिच्यामागून भय आले.

नाव कळताच बदलणारी नजर आपल्याला नवी नाही. आडनाव विचारून झाल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्या आई-वडिलांनी आणि आपल्यापैकीही अनेकांनी पाहिले आहे. आपण कधी न केलेल्या गोष्टींची ‘आठवण’ आपल्या माथी मारली गेली. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: हीच नजर आपण कोणावर रोखतो का? दहा वर्षांपूर्वीच्या एका भांडणावरून भावाला, एका चुकीवरून संघटनेतील कार्यकर्त्याला आपण अजून त्याच एका फोटोत पाहत नाही ना?

याचा अर्थ सारे विसरावे असा नाही. भगवंतांनी अंगुलीमालाचे नाव लपवले नाही, आणि घाबरल्याबद्दल राजाला दोषही दिला नाही. भिऊ नका, एवढेच सांगितले. ज्याने दुःख भोगले त्याच्यावर क्षमेची सक्ती कोणी करू नये, आणि सावध राहणे हा अधर्म नव्हे. पण राजाने पुढे काय केले ते पाहा. भय ओसरल्यावर तो अंगुलीमालाजवळ गेला, त्याच्या आई-वडिलांचे गोत्र विचारले आणि त्याला चीवर व भोजन देऊ केले. जुन्या आठवणीशेजारी एक नवी आठवण ठेवली.

सारे अनित्य आहे असे आपण म्हणतो, मग माणूसही बदलतो हे मानायला हवे. या आठवड्यात, ज्याच्याविषयी मनात एकच जुना फोटो आहे अशा एकाशी दोन शब्द बोला. ओळख नव्याने होऊ द्या.

नमो बुद्धाय!