कार्ड काढण्याआधी

पुणे

प्रिय राणी,



तुझी मेल सावकाश वाचली. लेकीचं डोकं महिन्यातले वीस-बावीस दिवस दुखतं, सकाळच्या पहिल्या तासाला शाळेत पोचणं होत नाही, वादविवादाचा गट सुटला आणि रात्री ती तुला विचारते, ‘आई, हे असंच राहणार का?’ त्यात एडिसनमधल्या मैत्रिणीने सांगितलं की न्यू जर्सीत मायग्रेनसाठी गांजाचं मेडिकल कार्ड निघतं, आणि तिच्या भाच्याला गांजाच्या गमीजनी, म्हणजे चघळायच्या गोळ्यांनी, गुण आला. मी आयुष्यभर मुलांच्या मेंदूचे आजार पाहिले म्हणून तू मला हो की नाही एवढंच विचारलं आहेस. माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. पण पंधरा वर्षांच्या दुखणाऱ्या पोरीला नुसतं ‘नको’ सांगून भागत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

हा विचार मनात आला म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. मूल कण्हत असताना आई दिसेल त्याला विचारतेच. न्यू जर्सीने मार्च 2018 मध्ये मायग्रेनचं नाव मेडिकल गांजा चालणाऱ्या आजारांच्या यादीत घातलं हे खरं आहे. पण त्याचा अर्थ परवानगी आहे, इतकाच. कोणत्या वयाला किती मात्रा, किती दिवस, याचा अभ्यास त्या कार्डामागे नाही. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने मायग्रेनसाठी गांजापासून बनवलेलं एकही औषध कोणत्याही वयाकरता मंजूर केलेलं नाही.

गांजात काही दम नाही असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत डॉ. नेथॅनिएल शुस्टर यांनी 92 प्रौढ रुग्णांवर रीतसर चाचणी केली. 6 टक्के टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि 11 टक्के सीबीडी (नशा न आणणारा घटक) असलेल्या गांजाची वाफ ओढल्यावर दोन तासांनी सुमारे 67 टक्के वेळा आराम पडला. औषध नसलेल्या वाफेने सुमारे 47 टक्के वेळा. हा फरक मी मानते. पण त्या चाचणीत एकही किशोरवयीन मूल नव्हतं, आणि तिथे तपासला गेला तो एकेक अटॅक. तुझ्या लेकीचं दुखणं आता सुट्या अटॅकचं राहिलेलं नाही, ते रोजचं झालं आहे. माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान आठ दिवस खऱ्या मायग्रेनचे असतात आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालतं, तेव्हा आम्ही त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतो. अशा मेंदूला दुखण्याची सवय लागलेली असते. अटॅक थांबवायची गोळी तिथे वरचेवर घेतली तर ती गोळीच पुढच्या दुखण्याला कारण होते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, ही धोक्याची रेघ. तू लिहिलं आहेस की ती ‘जवळजवळ रोज काहीतरी घेते’ आणि घरात एक्सेड्रिनची मोठी बाटली आहे. ती बाटली आज कपाटातून काढ. त्यात पॅरासिटामॉलबरोबर अॅस्पिरिन आणि कॅफीन असतं. फ्लू किंवा कांजिण्यांच्या वेळी मुलांना अॅस्पिरिन देणं घातक ठरू शकतं, आणि मिश्र गोळी म्हणून तिची मर्यादाही दहाच दिवसांची. कदाचित तुझं अर्धं उत्तर त्या बाटलीत असेल.

आता अशा घरात गांजा आला तर काय होईल, याचा विचार कर. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी क्रॉनिक मायग्रेनच्या 368 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. गांजा घेणाऱ्यांत औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी असण्याची शक्यता सुमारे सहापट निघाली. गांजामुळे ते झालं, की जास्त दुखत होतं म्हणून ते गांजाकडे वळले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण रोज दुखणाऱ्या मुलीच्या हातात रोज घेण्यासारखी आणखी एक वस्तू द्यायला माझा हात धजत नाही. रोजचा गांजा एकाएकी सोडला तर चिडचिड होते, झोप उडते आणि डोकंही दुखतं. मग पोरगी म्हणणार, ‘बघ, बंद केलं की दुखतं.’

नेहमीच्या गांजाने काहींना उलट्यांचे लांबलचक फेरे येतात, हेही मनात असू दे. तुझ्या लेकीला मायग्रेनबरोबर उलट्या होतातच. पुढे त्या कशाच्या हे ओळखता ओळखता डॉक्टरांच्या नाकी नऊ येतील.

वयाचं बोलते. टीएचसी मेंदूत ज्या ग्राहींवर जाऊन बसतं, त्यांचा मेंदूच्या घडणीत मोठा वाटा असतो, आणि विचार, संयम, नियोजन सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे 1037 मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं गांजा घेत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सरासरी 8 अंकांनी घसरला, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासात तसं दिसलं नाही, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. सायकोसिसच्या धोक्याबाबत मात्र मी ठाम आहे. भास, संशय, भ्रम अशा आजाराचा घराण्यात इतिहास असेल तर लहान वयातला जास्त टीएचसीचा गांजा जास्त घातक. आपल्याकडे असे आजार ‘मनाने हळवा होता’ म्हणून झाकले जातात. सासरी-माहेरी स्पष्ट विचार, आणि डॉक्टरांना सांग.

तुझे सासरे म्हणतात ना, भांग तर शंकराचा प्रसाद, आयुर्वेदातली विजया. खरं आहे. आणि 1839 मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने गांजाचे प्रयोग लिहून काढले, त्यानंतर विलायतेतही तो मायग्रेनवर दिला जाऊ लागला. मग मागे का पडला? एक मोठं कारण असं की दर बाटलीतला अर्क वेगळ्या ताकदीचा निघे. ती अडचण अजून गेलेली नाही. 2017 मध्ये ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची 84 उत्पादनं तपासली, तर लेबलाप्रमाणे निघाली 26, आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं. शुस्टर यांच्या चाचणीतला गांजा 6 टक्के टीएचसीचा होता, तर दुकानात सर्रास विकला जाणारा 20 टक्क्यांच्या वर असतो. मैत्रिणीच्या भाच्याच्या गमीत नेमकं काय आणि किती होतं, कोण सांगणार?

नीट तपासलं की गांजातूनही मुलांसाठी औषध निघतं. शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स 2018 मध्ये एफडीएने मंजूर केलं, ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या मिरगीच्या भयंकर प्रकारांसाठी. मुलांवर चाचण्या झाल्या, मात्रा ठरली, यकृतावरचा परिणाम आणि इतर औषधांशी होणारा संघर्ष समजला. मायग्रेनच्या मुलांसाठी असं काम होईल तेव्हा मी स्वतः तुला फोन करीन.

तो भाचा बरा झाला, हे खोटं असायचं कारण नाही. पण एक आकडा बघ. अमेरिकेत आठ ते सतरा वर्षांच्या मुलांवर चॅम्प नावाची मोठी चाचणी झाली. एका गटाला अमिट्रिप्टिलिन, एकाला टोपिरामेट (दोन्ही अटॅक टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधं), एकाला नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झाले ते अनुक्रमे 52, 55 आणि 61 टक्के मुलांत. नकली गोळीवाल्या दर पाचांपैकी तीन मुलांना गुण! म्हणून एका मुलाच्या अनुभवावरून गमीला श्रेय देता येत नाही. मला मात्र या आकड्याने फार धीर दिला. कुणीतरी नियमाने भेटतं, नोंद ठेवतं, आशा देतं, त्यानेही मुलांचा मेंदू सावरत असावा. लेकीला हे सांग. ‘असंच राहणार का’ या प्रश्नाचं ते खरं उत्तर आहे.

मग करायचं काय? सीबीटी, म्हणजे वेदनेशी वागायचं शिक्षण देणारे मानसोपचार, हे माझं पहिलं सांगणं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रॉनिक मायग्रेनची दहा ते सतरा वर्षांची 135 मुलं होती, महिन्याला सुमारे 21 दिवस दुखणारी, अगदी तुझ्या लेकीसारखी. सगळ्यांना अमिट्रिप्टिलिन होतं. सोबत सीबीटी मिळालेल्यांपैकी 66 टक्के मुलांचे दिवस निम्म्यावर किंवा खाली आले. डोकेदुखीची नुसती माहिती दिलेल्यांपैकी 36 टक्के. स्नायू सैल सोडणं, श्वास, दिवसाची आखणी, भीतीच्या विचारांना तोंड देणं, हे सगळं त्यात शिकवतात. ‘म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?’ असं ती रागावून विचारेल. तिला म्हण, दुखणं शंभर टक्के खरं आहे, आणि ते ज्या मेंदूत आहे त्यालाच आपण शिकवणार आहोत.

बाकीचं तिथल्या बालमेंदूतज्ज्ञाशी बोलून ठरव. औषधांच्या अतिवापरातून कसं बाहेर पडायचं, ट्रिप्टान अटॅकच्या सुरुवातीलाच घेऊन दिवस कसे मोजायचे, हे विचार. टोपिरामेट सुचवलं तर शब्द न आठवणं, वजन घटणं आणि पुढे गर्भारपणातला धोका, तिन्ही विचार. दंडावर बांधायचं नेरिव्हियो नावाचं यंत्र तिच्या वयाला मान्य आहे. औषध नसल्यामुळे मला ते आवडतं. 2025 मध्ये फ्रेमानेझुमॅबचं इंजेक्शन मुलांसाठी मंजूर झालं, पण महिन्यात पंधराहून कमी दिवस दुखणाऱ्यांसाठी आणि वजन 45 किलो किंवा अधिक असेल तर. तिला लागू करायचं का, ते डॉक्टर ठरवतील. शाळेत 504 प्लॅनची, म्हणजे आजारी मुलांना मिळणाऱ्या सवलतींची, मागणी कर, म्हणजे अर्धा दिवस का होईना, ती वर्गात बसेल. घरी राहून हा आजार बळावतो. झोपेची वेळ रविवारीही तीच, आणि नाश्ता चुकवायचा नाही. एकाएकी वीज पडावी तसं दुखलं, ताप आणि मान ताठ झाली, हातापायातली शक्ती गेली, तर मात्र सरळ इमर्जन्सीत ने.

तिने लपून काही घेतलं आहे का, हेही विचार. बाबांसमोर नको. ओरडू नकोस, फोन तपासू नकोस. घेतलं असेल तर ‘त्याने बरं वाटलं का, किती वेळ?’ असं विचार आणि ते डॉक्टरांच्या कानावर घालू दे. तिच्या जागी मीही कदाचित शोधत फिरले असते.

आणि तुमच्या कागदपत्रांचं. राज्याने परवानगी दिली तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून नियंत्रित अमली पदार्थ आहे. राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतो, असं इमिग्रेशन खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केलं. तुम्ही दोघं अजून ग्रीन कार्डवर आहात. कार्ड लेकीच्या नावाचं असलं तरी दुकानातून माल तूच आणणार. उद्या कुणी कितीही आग्रह केला तरी वकिलाला विचारल्याशिवाय कार्डाच्या अर्जावर सही करू नकोस.

डॉक्टरांची वेळ ठरली की मला कळव. त्याआधी रोज किती दुखलं, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि पाळी कधी आली, एवढं तिच्याच हाताने लिहून ठेवायला सांग.

तुझी,
मावशी

ता. क. डिसेंबरात येणार आहात तेव्हा कुणी ‘नुसतं सीबीडीचं तेल आहे’ म्हणून सामानात टाकायला दिलं तरी घेऊ नकोस. इथे भारतात अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा आहे, आणि विमानतळावर त्या बाटलीत टीएचसी नाही हे सिद्ध करत बसायची वेळ लेकीवर यायला नको. तिची नेहमीची औषधं मात्र मूळ डब्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेव.