हजारांतली एक प्रत

१९०८ साली लंडनच्या हाइनमान या प्रकाशकाने शेक्सपियरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ आर्थर रॅकहॅमच्या ४० रंगीत चित्रांसह काढले. नेहमीच्या आवृत्तीखेरीज क्रमांक घातलेल्या, खुद्द चित्रकाराची सही असलेल्या प्रती वेगळ्या निघाल्या; त्या फक्त हजार. त्याआधी सुमारे नऊशे वर्षे, कर्नाटकात, अत्तिमब्बे नावाच्या जैन श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटून टाकल्या. आकडा एकच, पण एकीकडे हजार म्हणजे ‘यापुढे एकही नाही’ आणि दुसरीकडे ‘ग्रंथ बुडू नये म्हणून निदान इतक्या तरी’. सहीच्या दुर्मिळ सचित्र नाटकांचा संग्रह हा परिग्रह, म्हणजे जैन धर्माला अमान्य असलेला संचय, ठरतो का, हे मला या दोन हजारांतल्या फरकावरूनच ठरवावेसे वाटते.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा प्रश्न परका नाही. बेळगावच्या किल्ल्यातले कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचे, आणि अपरिग्रह हे तर श्रावकाच्या अणुव्रतांपैकी एक. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, त्यांनी मूर्च्छेला, म्हणजे वस्तूत गुंतून भान हरपण्याला, परिग्रह म्हटले आहे. तेवढ्यावरून कपाटातले पुस्तक निर्दोष सुटले असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. समजा, उद्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या एखाद्या बंद माळ्यावर रॅकहॅमच्या खऱ्या सहीच्या आणखी दोनशे प्रती सापडल्या. आधीपासून एक प्रत बाळगणाऱ्याच्या पुस्तकातला कागद तोच, रंग तेच, पऱ्यांची नाजूक रेघही तीच. त्याचे काहीच गेलेले नाही. तरीही त्याच्या पोटात कालवले, तर त्याचे प्रेम चित्रावर नव्हते. ते इतरांकडे नसण्यावर होते. मूर्च्छा म्हणतात ती हीच. आणि बातमी ऐकून त्याला आनंद झाला, तर त्याचे कपाट भरलेले असूनही तो परिग्रही नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: हौशी माणसाने जिवापाड जपले नसते, तर ही पुस्तके उरलीच नसती. बेळगावच्या पावसाळ्यात हे कुणाला सांगायला नको. ओल धरली की पाने चिकटतात, कसर लागते, वाळवी तर एका आठवड्यात पुठ्ठ्याची माती करते. वेखंडाच्या कांड्या ठेवून, उन्हे दाखवून पुस्तक टिकवणारा माणूस उपकारच करतो. पण जपणे हे अर्धेच काम. मूडबिद्रीला ‘धवला’ या जैन टीकाग्रंथाची ताडपत्रे शतकानुशतके बंदोबस्तात राहिली, त्यांचे नुसते दर्शन घडे. त्या बंदोबस्तामुळेच ती वाचली, हे मान्य. मात्र ती अभ्यासकांच्या हाती पडली ती नकला बाहेर आल्यावर, आणि १९३९ पासून हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली छापली जाऊ लागल्यावर. जैनांच्या श्रुतपंचमीची रीत मला म्हणूनच मोलाची वाटते. त्या दिवशी वेष्टने सोडतात, ग्रंथ झाडून-पुसून पाटावर ठेवतात. राखणाऱ्याचा ग्रंथ त्या दिवशी सगळ्यांसमोर येतो.

उरली सही. ती कलावंताच्या हाताचा स्पर्श आहे, तिला किंमत का नसावी, असे विचारतात. किंमत जरूर आहे, ओळखीच्या खुणेची. बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ज्या नाटकाला मराठी संगीताचे रूप दिले, त्या कालिदासाच्या ‘शाकुंतला’त सगळा घोळ एका नाव कोरलेल्या अंगठीचा आहे. अंगठी हरवली म्हणून बायको अनोळखी ठरते, आणि सापडली म्हणून बिचाऱ्या कोळ्यावर चोरीचा आळ येतो. खूण माणसापेक्षा मोठी झाली की असे होते. शेवटच्या अंकात दुष्यंत तीच अंगठी पुन्हा पुढे करतो. शकुंतला ती घेत नाही. आपला तिच्यावर विश्वास उरलेला नाही, ती तुम्हीच घाला, असे ती त्याला सांगते.