तारा केव्हां टांगावा?



दिवाळी सरली आणि घरोघरचे आकाशकंदील उतरूं लागले, कीं आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न दर वर्षीं नेमानें निघतो : नाताळाचा तारा केव्हां टांगावा? कोणी म्हणतात, शेजारचे दिवे विझले त्याच आठवड्यांत आपले लागले पाहिजेत, म्हणजे आपणही कोणी आहों हें गांवास कळेल. कोणी म्हणतात, डिसेंबरची पहिली तारीख बरी. वडील माणसांपैकीं कित्येकांचें म्हणणें असें कीं, चोवीस तारखेच्या संध्याकाळपूर्वीं तोरण बांधणें म्हणजे लग्नाआधीं वरात काढणें होय. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु ह्याच प्रश्नावरून पंचांत रुसवेफुगवे होतात, तरुण व वृद्ध एकमेकांकडे पाठ करून बसतात, आणि कांहीं घरांत दिव्यांच्या माळेसाठीं हातउसने पैसे काढिले जातात. म्हणून त्याचा शांतपणें विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ह्याविषयीं पवित्र शास्त्रांत आज्ञा नाहीं. प्रभूचा जन्म कोणत्या तारखेस झाला हेंही शुभवर्तमानकारांनीं लिहून ठेविलेलें नाहीं. पौल प्रेषित रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत दिवस पाळणारा व न पाळणारा ह्या दोघांपैकीं कोणासही दोषी ठरवीत नाहीं. प्रत्येकानें आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, आणि जें करावयाचें तें प्रभूसाठीं करावें, एवढेंच तो मागतो.

आमच्या प्रांतांत ज्यांनीं शुभवर्तमान आणिलें त्यांचा इतिहासही हेंच शिकवितो. इ. स. 1813 मध्यें गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांस पाठविणाऱ्या न्यू इंग्लंडांतील मंडळ्यांचे पूर्वज प्यूरिटन होते. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतींत 1659 सालीं असा कायदा झाला कीं, जो कोणी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ पाळील त्यास पांच शिलिंग दंड व्हावा. तो कायदा 1681 सालीं रद्द झाला, तरी तेथें 25 डिसेंबर ही कायदेशीर सुटी ठरण्यास 1856 साल उजाडावें लागलें. ह्यावरून उघड आहे कीं, तारा व तोरण ह्यांवांचूनही ख्रिस्तावर दृढ विश्वास ठेवितां येतो, आणि त्याच्या नांवासाठीं समुद्र ओलांडून परक्या देशीं देह ठेवितां येतो.

तर मग सजावट टाकून द्यावी काय? नाहीं. त्याच प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजांत दुसरीही एक रीत वाढली. जर्मनींतील हाम्बुर्ग शहराजवळ योहान हिन्रिख विखर्न नांवाचे पाळक निराश्रित मुलांसाठीं एक घर चालवीत असत. नाताळ केव्हां येणार, असें मुलें रोज विचारीत. इ. स. 1839 मध्यें विखर्न ह्यांनीं एक लाकडी चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या, आणि मधल्या दिवसांसाठीं लहान तांबड्या. रोज एक नवी मेणबत्ती लागे, आणि मुलें त्यांवरून दिवस मोजीत. मोरावियन बंधुमंडळींत कागदी तारा प्रथम शाळेंत मुलांस भूमिति शिकवितांना झाला, असें सांगतात. तो तारा तीं घरें आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं टांगितात, आणि 6 जानेवारीस, म्हणजे पूर्वेकडील ज्ञानी लोकांच्या स्मरणाच्या दिवशीं, उतरवितात.

ह्या दोन्ही उदाहरणांत सजावट ही वाट पाहण्यास शिकविण्यासाठीं होती. एक मेणबत्ती लागली म्हणजे बाकीच्या अजून अंधारांत आहेत, हेंही मुलांस दिसत असे. आगमनकाळाचें मर्म हेंच आहे. तो नाताळापूर्वींच्या चौथ्या रविवारीं सुरू होतो. म्हणून 27 नोव्हेंबरच्या आधीं तो येत नाहीं, आणि 3 डिसेंबरच्या पुढें जात नाहीं. वृद्ध शिमोन व हन्ना ह्यांनीं मंदिरांत जें वर्षानुवर्षें केलें, तें करावयास मंडळीस तीन-चार आठवडे दिलेले आहेत.

आतां बाजाराकडे पाहा. त्यास वाट पाहणें परवडत नाहीं. अमेरिकेंत नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारीं उपकारस्मरणाचा सण पाळीत, आणि त्यानंतर नाताळाची खरेदी सुरू होई. इ. स. 1939 मध्यें तो गुरुवार 30 तारखेस येत होता. खरेदीचे दिवस थोडे राहतात, अशी दुकानदारांनीं तक्रार केली, तेव्हां अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं सण एक आठवडा अलीकडे ओढिला. कित्येक संस्थानांनीं तें मानिलें, कित्येकांनीं मानिलें नाहीं, आणि एकाच देशांत एक सण दोन दिवशीं झाला. शेवटीं 1941 सालीं कायद्यानें चौथा गुरुवार ठरला. बाजाराची घाई देवाचे आभार मानण्याचा दिवससुद्धां हलवूं शकते, हें ह्यावरून समजावें. आणि जो बाजार आधीं येतो तोच आधीं जातो. पंचवीस तारीख उलटली कीं त्याचा नाताळ संपला. मंडळीचा सण तर त्या दिवशीं आरंभ पावून बारा दिवस चालतो. ज्यांनीं नोव्हेंबरपासून दिवे लाविले, तेच सव्वीस तारखेस कंटाळून माळा सोडितात, असें आपण पाहत नाहीं काय?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रभूनें दहा कुमारींचा दाखला सांगितला आहे. दिवे दहाही जणींनीं घेतले होते. वराला उशीर झाला तेव्हां डुलकीही दहाही जणींस लागली. कोणाचा दिवा आधीं लागला, असें वरानें विचारिलें नाहीं. मध्यरात्रीं हांक आली तेव्हां कोणापाशीं तेल होतें, एवढाच प्रश्न उरला. बंधूंनो, आमचा वाद दिवा लावण्याच्या तारखेविषयीं आहे. प्रभूचा प्रश्न तेलाविषयीं आहे. दाराशीं तारा झळकत आहे, परंतु आंत सख्ख्या भावाशीं बोलणें बंद आहे. छपरावर माळ आहे, परंतु तिचे पैसे सावकाराचे आहेत. तर त्या घरचा दिवा कोणत्या तेलावर जळत आहे?

ह्याहून भारी गोष्ट एक आहे. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील खेड्यांत दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या येतात. ज्यांनीं उचल घेतली आहे अशीं कुटुंबें मुलांबाळांसह ऊसतोडीस जातात, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्यांत आमच्या मंडळ्यांचींही माणसें आहेत. आपण तारा नोव्हेंबरांत टांगा वा डिसेंबरांत टांगा, त्यांच्या दाराला कुलूपच असतें. चोवीस तारखेच्या रात्रीं आपण उपासनेस बसतों, तेव्हां तीं माणसें फडांत गाडी भरीत असतात, किंवा कोपींत पाठ टेकून पहांटेच्या कोयत्याची वाट पाहत असतात.

आतां लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. बेथलेहेमांत त्या रात्रीं घरें होतीं, उतारशाळा होती, माणसांची दाटी होती. देवदूत त्यांपैकीं कोणत्या दाराशीं गेला? तो रानांत गेला. जे घरीं नव्हते, ज्यांचें काम रात्रीचें होतें, ज्यांस दार सजविण्यास दारच नव्हतें, अशा मेंढपाळांस पहिली वार्ता मिळाली. त्यांस तयारीला एक दिवसही मिळाला नाहीं. प्रभूच्या जन्माचा प्रकाश प्रथम ज्यांच्यावर पडला त्यांनीं एकही दिवा लाविला नव्हता. तो देवानें लाविला होता. ही गोष्ट ज्या मंडळीस समजली, ती तारखेवरून भांडणार नाहीं, आणि कुलूप लागलेल्या दारापुढून न पाहतां जाणारही नाहीं.

म्हणून आमची विनंती अशी आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं उपासनेनंतर मंदिरावर एक तारा टांगावा, आणि तो सर्वांचा समजावा. घरचे तारे त्यानंतर ज्याच्या त्याच्या सोयीनें लागावेत. आधीं लाविला म्हणून कोणी हिणवूं नये, उशीर झाला म्हणून कोणी हंसूं नये. सजावटीसाठीं कर्ज काढूं नये. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद व घरची खळ एवढ्यावर मुलें सुंदर तारा करितात. ज्या घरांत त्या वर्षीं मृत्यु झाला असेल तेथें पंचांनीं जाऊन विचारावें. घरच्यांची इच्छा असेल तर तारा आपल्या हातांनीं लावावा, नसेल तर मुकाट्यानें त्यांच्याजवळ बसावें. ऊसतोडीस गेलेल्यांच्या बंद दारावर शेजाऱ्यांनीं एक लहानसा तारा बांधावा. आणि नाताळाच्या आठवड्यांत दोन-चार जणांनीं, शक्य असेल तर पाळकासह, फडावर जाऊन कोपीसमोर दिवा लावावा, प्रार्थना करावी, आणि फराळाचा डबा पोहोंचवावा. गाडीभाडें सजावटीच्या वर्गणींतून काढावें. मग सहा जानेवारीपर्यंत कोणीही तारा उतरवूं नये.

कोणी म्हणेल, असें केल्यानें मंदिराची शोभा कमी होईल. होऊं द्या. गव्हाणीला शोभा नव्हती. तेथें येणाऱ्यांस वाट मोकळी होती.

ज्यानें रानांतील मेंढपाळांस शोधून काढिलें, तो देव आपल्या घरांत, आणि घर सोडून गेलेल्या आपल्या माणसांच्या कोपींतही, आपला प्रकाश पाडो; आणि त्याच्या येण्यापर्यंत आपल्या दिव्यांत तेल राहूं देवो. आमेन.