साहेब बदलतात तेव्हा



आपल्या धर्मग्रामातून रोज सकाळी कितीतरी जण डबा घेऊन कामावर निघतात. कोणी बँकेत, कोणी इस्पितळात, कोणी शाळेत, तर कोणी कारखान्यात. दिवसाचा मोठा भाग आपण तिथे घालवतो आणि तिथले सुखदुःख संध्याकाळी आपल्याबरोबर घरी येते. कामावरचा राग मुलांवर निघतो, कामावरची काळजी रात्री झोपू देत नाही.

हे सारे पालटायला पुष्कळदा एकच गोष्ट पुरेशी असते. वरचे साहेब बदलतात. नवे मॅनेजर येतात, नवे मुख्याध्यापक येतात, वॉर्डात नव्या मेट्रन येतात. भिंती त्याच, खुर्च्या त्याच, हजेरीपुस्तकही तेच. परंतु डबा खाताना होणारी थट्टामस्करी थांबते. माणसे हळू आवाजात बोलू लागतात. वीस वर्षे मन लावून काम करणाऱ्याला वाटते, आता माझी इथे ओळख कोणाला?

कधी कधी साहेबच नव्हे, तर सारी संस्थाच बदलते. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० पासून आणखी सहा सरकारी बँका चार मोठ्या बँकांमध्ये सामावल्या गेल्या. अशा वेळी नोकरी टिकली तरी माणसाच्या मनात प्रश्न उरतातच. नवे वरिष्ठ कोण? बदली कुठे होईल? आपले आजवरचे काम कोण लक्षात ठेवील?

हे प्रश्न नवे नाहीत. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात आपण वाचतो, की मिसर देशात योसेफाला न ओळखणारा नवा राजा गादीवर आला. ज्या योसेफाने दुष्काळात सारा देश जगवला, त्याची आठवण नव्या राजाला नव्हती. तिथूनच इस्राएली लोकांवरचा जुलूम सुरू झाला. वरच्याची ओळख तुटली, की खालच्याचे ओझे वाढते.

राजांच्या पहिल्या ग्रंथातील बाराव्या अध्यायात याहून बोलके उदाहरण आहे. शलमोन राजा मरण पावला आणि त्याचा मुलगा रहबाम राजा झाला. लोक शखेमला जमले. त्यांनी बंड केले नाही. त्यांनी सरळ समोर येऊन विनंती केली, की तुमच्या वडिलांनी आमच्यावर भारी जू लादले होते, ते थोडे हलके करा, आम्ही तुमची सेवा करू. रहबामने तीन दिवसांची मुदत मागितली. वडिलांच्या पदरी राहिलेल्या वृद्धांनी त्याला सल्ला दिला, की आज तू या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे होतील. बरोबर वाढलेल्या मित्रांनी मात्र दरारा दाखवायला सांगितले. रहबामने मित्रांचे ऐकले. वडील चाबकाने मारीत, मी त्याहून भयंकर शिक्षा करीन, असे त्याने लोकांना बजावले.

परिणाम काय झाला? दहा वंश राज्यातून फुटून निघाले. वेठबिगारीवर नेमलेल्या अधिकाऱ्याला राजाने लोकांकडे पाठवले, तर लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. राजाला रथात बसून यरुशलेमला पळावे लागले. बंधू-भगिनींनो, रहबामकडे सैन्य होते, खजिना होता, वडिलांचे नाव होते. लोकांचे मन तेवढे नव्हते आणि तेच त्याने तीन दिवसांत गमावले.

या गोष्टीवरून कोणी म्हणेल, तरुणांचे ऐकू नये. तसे नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. त्यात ते सांगतात, की महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, कारण पुष्कळदा प्रभू धाकट्यालाच योग्य गोष्ट सुचवतो. ते असेही बजावतात, की मठाधिपतीने आपल्या धाकापेक्षा आपल्यावरच्या प्रेमाची इच्छा धरावी आणि गंज काढताना भांडेच फुटणार नाही याची काळजी घ्यावी. तेव्हा प्रश्न सल्ला देणाऱ्याच्या वयाचा नाही. आपल्याला हवे तेच ऐकायचे, की सर्वांचे ऐकायचे, हा प्रश्न आहे.

आपल्यापैकी काहींना पदोन्नती मिळते, काहींच्या हाताखाली चार माणसे येतात. त्यांनी पहिल्या महिन्यात नवे नियम लावण्याआधी जुन्या माणसांपाशी बसावे. कोण काय काम करतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कुठे अन्याय झाला आहे, हे विचारावे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी लिहिलेल्या परिपत्रकात शिकवले, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. खुर्चीवर बसणाऱ्याने हे विसरू नये. शिष्यांचे पाय धुणारा गुरू हाच आपला नमुना आहे.

जे पद सोडून जातात त्यांच्यासाठी मोशेचे उदाहरण आहे. आपला काळ संपत आला हे कळल्यावर मोशेने स्वतःसाठी काही मागितले नाही. हे लोक मेंढपाळाविना मेंढरांसारखे होऊ नयेत, अशी विनवणी त्याने देवाकडे केली. मग सर्व मंडळीसमोर त्याने यहोशवावर हात ठेवले आणि त्याला अधिकार दिला. नव्या माणसाला लोकांसमोर मान देऊन जाणे, ही जाणाऱ्याची शेवटची सेवा आहे.

आणि राहणाऱ्यांचे काय? आपणा बहुतेकांचा वाटा हाच आहे. रानात इस्राएली लोकांना मिसरमधले मासे, काकड्या, कांदे आणि लसूण आठवू लागले. तिथे आपण गुलाम होतो, हे मात्र ते विसरले. जुने साहेब किती बरे होते, असे म्हणताना आपलेही असेच होत नाही ना? नव्या माणसाला थोडा अवधी द्यावा. त्याच्या पाठीमागे कुजबुज करू नये. राग आला म्हणून कामात कसूर करू नये, कारण त्याचा त्रास साहेबांना नव्हे, तर रुग्णाला, विद्यार्थ्याला, खिडकीसमोर उभ्या असलेल्या वृद्ध माणसाला होतो. अन्याय होत असेल, तर शखेमच्या लोकांप्रमाणे एकत्र येऊन समोर सांगावे. तसे सांगणे पाप नाही. गप्प राहून मनात विष साठवणे अधिक घातक आहे.

ख्रिस्तसभेनेही असा बदल नुकताच अनुभवला. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभूघरी गेले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी परिपत्रक लिहिणाऱ्या पोप लिओ तेरावे यांची आठवण ठेवून त्यांनी हे नाव घेतले. नव्या धन्याने पहिल्याच दिवसांत श्रम करणाऱ्यांची आठवण करावी, हा धडा आपल्या कचेऱ्यांनाही घेता येईल.

या आठवड्यात आपण एक गोष्ट करू या. आपल्या कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचे नाव घेऊन, मग ते आवडते असोत वा नावडते, रोज एकदा प्रार्थना करू या. आणि आपल्या हाताखाली कोणी असेल, तर त्याला या आठवड्यात एकदा जवळ बसवून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकू या.

हे प्रभो, ज्यांच्या हाती तू अधिकार दिला आहेस त्यांना ऐकणारे अंतःकरण दे. ज्यांच्या खांद्यावर ओझे आहे त्यांना धीर दे. आणि संध्याकाळी आम्ही घरी परततो तेव्हा आमच्याबरोबर तुझी शांती घरी येऊ दे. आमेन.