दान, सौदा आणि गळ

सॉफ्टवेअरचा धंदा दोन रीतींनी वाढतो. पहिल्या रीतीत विक्रेता ग्राहकाच्या दारी जातो, माल दाखवतो, भाव ठरवतो आणि सही घेतो. दुसऱ्या रीतीत विक्रेता नसतोच. ग्राहक आपणहून सॉफ्टवेअर उघडतो, पैसे न देता वापरतो, पटले तर पैसे भरतो आणि वापरता वापरता आणखी चार जणांना त्यात आणतो. या दुसऱ्या रीतीला ‘प्रॉडक्ट-लेड ग्रोथ’, म्हणजे उत्पादनाच्या स्वतःच्या जोरावर होणारी वाढ, असे म्हणतात. हे नाव २०१६ च्या सुमारास ओपनव्ह्यू या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने रूढ केले. रीत मात्र त्याहून जुनी आहे. १९९६ मध्ये हॉटमेलने प्रत्येक पत्राच्या तळाशी मोफत खात्याचे निमंत्रण जोडले आणि पत्र लिहिणारा प्रत्येक जण नकळत कंपनीचा प्रचारक झाला. ड्रॉपबॉक्सने मित्राला आणणाऱ्यालाही आणि येणाऱ्या मित्रालाही साठवणुकीची जादा जागा दिली. झूमने गटाच्या मोफत बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा घातली आणि बाकीचे बरेचसे मोकळे सोडले.

या रीतीमागचे अर्थकारण किनवटवरून नीट कळते. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्याच्या गावी महिन्याला दोनशे रुपयांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर विकायला पुण्याहून माणूस पाठवला, तर त्याचे गाडीभाडेही निघत नाही. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या दुकानातून उभ्या राहिलेल्या कैलास आणि संजय काटकर यांच्या क्विक हीलने हा प्रश्न गावोगावच्या संगणक विक्रेत्यांना हाताशी धरून सोडवला. तो पहिल्या रीतीचाच कसबी प्रकार होता. २०११ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ब्राउझरस्टॅकने दुसरी वाट धरली. संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांत आणि फोनांत कसे दिसते हे तपासण्याची तिची सेवा प्रोग्रामर मंडळी स्वतः चाखून घेत आणि मग कंपनीला पैसे भरायला लावत. २०१८ पर्यंत बाहेरची मोठी गुंतवणूक न घेता ती वाढली. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून हे जमते. मोफत वापरणाऱ्या शंभरांतले मोजकेच पुढे पैसे देतात आणि त्या मोजक्यांवर बाकीच्यांचा भार निभावतो.

इथवर सगळा व्यापार झाला. धर्मविचाराचा प्रश्न ‘मोफत’ या पाटीपाशी उभा राहतो. परतफेडीची वाट पाहत दिलेली वस्तू दान ठरते का? दान नसेल तर तिला काय म्हणावे? आणि घेणाऱ्याने काय समजून हात पुढे करावा?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची तीन प्रकारांत विभागणी आहे. द्यायला हवे एवढ्याच जाणिवेने, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला दिलेले ते सात्त्विक. परत काही मिळावे म्हणून, फळावर नजर ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अस्थानी, अवेळी, अपात्राला, तुच्छतेने दिलेले ते तामस. या मोजपट्टीवर सॉफ्टवेअरची मोफत योजना राजस दानाच्या घरात बसते, यात वाद नाही. मात्र राजस म्हणजे पाप नव्हे. गीता राजस दानाला दानाच्या यादीतून काढत नाही. त्याची प्रत फक्त खालची ठरवते. अडचण येते ती राजस दान सात्त्विकाचा वेष घेऊन येते तेव्हा. ‘आम्ही जगाला जोडतो आहोत, पैशाचे नंतर बघू’ ही भाषा त्या वेषाची आहे.

स्थळ, वेळ आणि पात्र या तीन कसोट्या किती व्यवहारी आहेत हे २०२० मध्ये दिसले. साथीच्या काळात शाळा बंद पडल्यावर झूमने अनेक देशांतल्या शाळांसाठी ४० मिनिटांची अट उठवली. तीच कंपनी, तेच सॉफ्टवेअर. पण त्या वेळी, त्या मुलांना दिलेले ते देणे नेहमीच्या मोफत योजनेपेक्षा निराळ्या जातीचे होते. ब्राउझरस्टॅक मुक्त स्रोत प्रकल्पांना तपासणीची सेवा विनामूल्य देते, तेही असेच. कंपनीचे नाव होते हे खरे. पण घेणारा पुढे ग्राहक झाला नाही तरी देणे थांबत नाही.

निव्वळ दानाचा नमुना पाहायला नांदेडबाहेर जावे लागत नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे गुरुगादी गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपवली, त्या नांदेडात तख्त सचखंड हुजूर साहिब आहे आणि बाबा निधानसिंगांच्या नावाशी जोडलेला गुरुद्वारा लंगर साहिबही आहे. लंगरच्या पंगतीत कोण बसला, कितव्यांदा बसला, जेवून काही देऊन गेला का, हे कोणी लिहून ठेवत नाही. खर्च भागतो तो भाविकांच्या देणगीतून आणि सेवेतून. कमाईचा दहावा हिस्सा धर्मकार्याला द्यायचा, ही दसवंधाची शिकवण त्यामागे आहे. इथेही देणारे थोडे आणि जेवणारे पुष्कळ असतात, म्हणजे गणित वरवर मोफत सॉफ्टवेअरसारखेच दिसते. फरक नोंदीचा आहे. लंगरला जेवणाऱ्याची खबर नसते. सॉफ्टवेअरला वापरणाऱ्याची प्रत्येक हालचाल ठाऊक असते: तो कुठे अडखळला, कोणत्या दिवशी परतला, कोणाला बोलावून आणले. मोजलेले देणे हे उसने देणे असते. उसने देण्यात गैर काही नाही, पण त्याला अन्नछत्र म्हणू नये. संगणकाच्या जगात अन्नछत्राला जवळची गोष्ट शोधायची तर मराठी विकिपीडिया दाखवता येईल. २००३ पासून तो कोणालाही वाचायला आणि लिहायला मोकळा आहे आणि स्वेच्छेच्या देणगीवर चालतो.

किनवटला लागूनच माहूर आहे. माहूर तालुका पूर्वी किनवट तालुक्याचाच भाग होता. रेणुकेचे हे ठाणे दत्तात्रेयाचे निद्रास्थान मानले जाते. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदु राजाला भेटणारा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, अशी परंपरा आहे. त्याने सांगितलेले चोवीस गुरू मराठवाड्याच्या घराघरांत पोचले ते पैठणच्या एकनाथांमुळे. एकनाथी भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाले. या चोवीस जणांपैकी निदान तिघे सॉफ्टवेअरच्या व्यापाराबद्दल काही सांगून जातात.

पहिला भ्रमर. तो लहानमोठ्या सगळ्या फुलांतून थोडेथोडे घेतो आणि फुलाला इजा करत नाही. साधूने अनेक घरांतून घासघास घ्यावा, एकाच घरावर भार टाकू नये, ही माधुकरीची शिकवण त्यातून निघते. पुष्कळांकडून दरमहा थोडे घेणारी आणि ज्याची ऐपत नाही त्याला तसेच वापरू देणारी योजना या वृत्तीच्या जवळ जाते. अवधूताचा भ्रमर साठवणारा नसावा, हा मात्र त्याच शिकवणीचा दुसरा भाग आहे आणि कोणताही गुंतवणूकदार तो मान्य करणार नाही.

दुसरा मासा. जिभेच्या चवीपायी तो आमिषाला लागलेल्या गळात अडकतो. अवधूताचा रोख माशाच्या जिभेकडे आहे, कोळ्याकडे नाही. तो साधकाला सावध करतो आहे. गळ टाकणाऱ्याचे काय, हा प्रश्न तिथे येत नाही. धंद्याच्या नीतीत तो विचारावाच लागतो, कारण इथे गळ टाकणारे पगारी लोक असतात आणि चव कुठे लावायची हे ते बैठका घेऊन ठरवतात. एक महिना मोफत म्हणून कार्डाचा क्रमांक आधीच घेणे, तिसाव्या दिवशी न सांगता पैसे कापणे, रद्द करण्याचे बटण चार पडद्यांच्या आड ठेवणे: हे आमिषच आहे, त्याला दुसरे नाव देण्यात अर्थ नाही.

तिसरा बाण घडवणारा कारागीर. कामात तो इतका गढलेला असतो की राजाची मिरवणूक बाजूने वाजतगाजत गेली तरी त्याला कळत नाही. फळाची आसक्ती सोडायची म्हणजे आकडे बघायचेच नाहीत, असा अर्थ काही जण गीतेतून काढतात. तो चुकीचा आहे. बाण सरळ झाला की नाही हे कारागीर क्षणोक्षणी पाहत असतो. तो मिरवणूक पाहत नाही, एवढेच. सॉफ्टवेअर करणाऱ्यालाही मोजणे टाळता येत नाही. वापरणाऱ्याचे काम किती वेळात झाले, कुठे चुकले, हे मोजणे म्हणजे बाणाकडे पाहणे. आज किती जण नव्याने आले आणि किती जणांनी किती जणांना ओढले, याचा आलेख तासातासाला पाहणे म्हणजे मिरवणुकीकडे पाहणे. उत्पादनाच्या जोरावर वाढण्याची भाषा करणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत प्रत्यक्षात दुसरेच चालते.

घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या या हिशेबात एक तिसरा माणूस हमखास विसरला जातो. खाताबुक आणि ओकेक्रेडिट यांसारखी उधारीची ॲप दुकानदाराला मोफत मिळाली आणि लहान गावांतही पसरली. दुकानदाराने उधारी नोंदवली की गिऱ्हाइकाच्या फोनवर ॲपच्या नावानिशी निरोप जातो. पूर्वी उधारीची वही दुकानाच्या गल्ल्यात असे आणि बाब दोघांत राही. आता कापूस विकेपर्यंत मीठ-मिरची उधार नेणाऱ्या शेतकऱ्याचे नाव, फोन नंबर आणि थकलेली रक्कम तिसऱ्या ठिकाणी नोंदली जाते आणि त्याला आलेला तगादा त्या ॲपची जाहिरातही असतो. हिशेब स्वच्छ राहतो, वाद टळतात, हा लाभ खरा आहे. पण शेतकऱ्याने मोफत काही मागितले नव्हते, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. दानाच्या तिन्ही प्रकारांत या माणसाला जागा नाही.

मग एकाच मोफत योजनेला उदार म्हणावे की लबाड? लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्माची नीती कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते, बाह्य परिणामावरून नव्हे, असे प्रतिपादन केले. तत्त्व म्हणून ते पक्के आहे. पण कंपनीची बुद्धी कोणाला दिसते? संस्थापकाचा हेतू एक, गुंतवणूकदाराचा दुसरा, आणि कंपनी विकली गेली की तिसराच. बुद्धी दिसत नसेल तर तिची खूण बाहेर शोधावी लागते. ती खूण आत येण्याच्या वाटेवर सापडत नाही, कारण ती वाट सगळेच रुंद करतात. ती बाहेर पडण्याच्या वाटेवर सापडते. जितक्या सहज आलो तितक्या सहज, आपले सगळे सामान घेऊन जाता येत असेल तर झालेला व्यवहार सरळ सौदा आहे. येत नसेल तर तो गळ आहे, देणाऱ्याच्या मनात काहीही असो.

सामान अडकणे म्हणजे काय, हे मराठी छपाईने सोसले आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींनी मराठी अक्षरजुळणी संगणकावर आणली, हे त्यांचे मोठेच काम. मात्र प्रत्येकीची अक्षरांची संकेतरचना वेगळी होती. एकीत टंकलेला मजकूर दुसरीत उघडला की अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोड रुळल्यावर जुन्या फायली त्यात आणायला परिवर्तकांची खटपट करावी लागली आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागले. यात कोणाची लबाडी नव्हती. त्या काळी सर्वमान्य संकेत रुळलेलाच नव्हता. माहूरशी जिव्हाळ्याचे नाते असलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. त्यामुळे ग्रंथ जपले गेले, पण विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा करेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते वाचता आले नाहीत. हेतू रक्षणाचा असला तरी बंद लिपीची किल्ली ज्याच्याकडे, सत्ता त्याच्याकडे. आज ज्या कंपनीला जुना आणि सर्वमान्य संकेत हाताशी असूनही ग्राहकाचा हिशेब फक्त स्वतःलाच वाचता येईल असा ठेवायचा आहे, तिला मात्र काळाची सबब नाही.

कायदाही या कसोटीकडे वळला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील तेरा प्रकारांत वर्गणीचा सापळा, खोटी घाई आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हे प्रकार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आवर्ती वर्गणी कार्डावरून कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर संमती मागे घेणे हे संमती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे म्हटले आहे. मात्र २०१९ च्या विधेयकात असलेला, स्वतःची माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क या कायद्यात आलेला नाही. किनवटच्या दुकानदाराला उद्या ॲप सोडावेसे वाटले, तर त्याची संमती कायद्याने परत मिळेल. वर्षानुवर्षांची उधारीची वही परत मिळणे अजून ॲप बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे.